हातरिक्षा ते गुलाबी रिक्षा: ठाणे – माथेरान – केवडिया

६ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढायचं हे अमानुष आहे वगैरे बातमी सगळीकडे आली, पण मला त्यातली पुढची गोष्ट जास्त इंटरेस्टिंग वाटली. कोर्टाने सरळ सांगितलं की गुजरातमध्ये केवडियाला, स्टॅच्यू ऑफ युनिटीपाशी, स्थानिक बायकांना गुलाबी ई-रिक्षा भाड्याने चालवायला देतात, तीच पद्धत माथेरानला आणा, आणि पैसे नाहीत हे कारण सांगू नका. मी म्हटलं ही दोन्ही गावं एका फेरीत बघायची. एकीकडे डोंगरावर पेट्रोलला पिढ्यानपिढ्या बंदी, दुसरीकडे ५ जून २०२१ ला पंतप्रधानांनी जाहीर केलेलं की इथे पुढे फक्त इलेक्ट्रिक गाड्या चालतील. सरकार नुसतं सबसिडी न देता थेट ठरवतं की हीच गाडी चालेल, तेव्हा खरं काय होतं ते बघायचं होतं.

बरोबर बायको आणि आई. आईचे दोन्ही गुडघे गेलेत हे आत्ताच सांगून ठेवतो, पुढे महत्त्वाचं आहे. गाडी आमची स्वतःची, इलेक्ट्रिकच.

मंगळवार: ठाणे ते माथेरान

सकाळी लवकर निघालो, बदलापूरमार्गे नेरळ. २०२५ च्या डिसेंबरची सुरुवात होती, बदलापूरच्या पुढे शेतांवर धुकं आणि कापलेल्या भाताचा वास. नेरळला स्टेशनबाहेर वडापाव खाल्ला, चटणी इतकी झणझणीत की आईने पण दुसरा मागितला.

गाडी का घेतली हे लोक विचारतात तर सांगतो, पर्यावरण वगैरे नंतर, आधी हिशोब. पंधरा लाखाच्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्रात १२ टक्के रोड टॅक्स, म्हणजे एक लाख ऐंशी हजार नुसते आरटीओत. इलेक्ट्रिकला शून्य. जीएसटी इलेक्ट्रिकला ५ टक्के (२०१९ च्या ऑगस्टपर्यंत १२ होता), पेट्रोलला तेव्हा २८ आणि वर सेस (जादा कर). आता २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्या १८ वर आल्यात म्हणजे तो फरक बराच कमी झालाय, माझा मेव्हणा तेव्हापासून परत पेट्रोलच्या शोरूमच्या चकरा मारतोय. एका रात्रीत गणित फिरतं ते असं. मार्च २०२५ च्या राज्याच्या बजेटमध्ये तीस लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांना ६ टक्के टॅक्स लावायचं ठरलं होतं, आणि त्याच अधिवेशनात मुख्यमंत्र्यांनी ते मागेही घेतलं. आमची गाडी तीस लाखांच्या आसपासही नाही तरी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या दिवसांत नुसता धुरळा.

नेरळचा घाट ज्यांनी चालवलाय त्यांना माहितीये, वळणं अशी की समोरचा बोनेटवरच येतोय असं वाटतं. पेट्रोल गाड्या पहिल्या गियरमध्ये रडत होत्या, क्लचचा जळका वास येत होता. आमची आवाज न करता चढली पण बॅटरी डोळ्यांदेखत खाली, तेवढ्या आठ-नऊ किलोमीटरला दहा टक्के तरी गेली असेल.

> टिप: वर चार्जिंग मिळेल या भरवशावर चढू नका. नेरळ-कर्जतच्या पट्ट्यातच भरून घ्या. उतरताना थोडी बॅटरी परत मिळते, त्यामुळे वर ४० टक्के असली तरी जीव घाबरा करायची गरज नाही.

दस्तुरी नाक्यावर गाडी लावली आणि खरा प्रवास सुरू. इथून पुढे कुठलीही गाडी नाही, तुमची इलेक्ट्रिक असली तरी नाही. ही गंमत आधी नीट डोक्यात शिरत नाही. माथेरान २००३ च्या अधिसूचनेने इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, अ‍ॅम्ब्युलन्स आणि फायर ब्रिगेड सोडून मोटारीला बंदी, आणि ई-रिक्षा पण कायद्याने मोटारगाडीच. त्यामुळे जी गाडी धूर सोडत नाही ती गावात आणायला वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या. हातरिक्षा ओढणाऱ्यांनीच ती मागितली होती. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रयोग म्हणून परवानगी दिली, डिसेंबर २०२२ ते मार्च २०२३ सात रिक्षा चालल्या, माणशी ३५ रुपये आणि शाळकरी पोरांना ५. मग मधे बंद पडलं, परत सुरू झालं. आणि हे सगळं होईपर्यंत माणूस माणसाला ओढतच होता.

दस्तुरीवर ई-रिक्षाला ही लाईन. हातरिक्षावाला एक जण आईकडे आला, "आजी, बसा, अर्ध्या तासात बाजारात." साधारण माझ्याच वयाचा, पायात स्लीपर. आईने त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नको रे बाबा, तू ओढणार आणि मी बसणार, मला जमायचं नाही ते." तो हसला पण पटकन बोलला, "आजी, तुम्ही नाय बसलात तर आमी खानार काय?" आई गप्प. बायकोने त्याला चहाला थांबवलं, पण पुढचं गिऱ्हाईक आलं तसा तो गेला.

लाईनमध्ये तास गेला. शेवटी नंबर लागला आणि ई-रिक्षाचा ड्रायव्हर निघाला पूर्वीचा हातरिक्षावालाच, पन्नाशीतले काका. बाजारापर्यंत आईने त्यांची पूर्ण मुलाखत घेतली. वीसेक वर्षं ओढली म्हणाले, वडील पण तेच करायचे. "आधी मला दम लागायचा, आता बॅटरीला लागतो." संध्याकाळी चढावर रिक्षा कुथते तेव्हा ते खरंच तिला चल गं चल गं म्हणतात. मी विचारलं सगळ्यांना का नाही मिळाल्या, तर म्हणाले परवाने हातरिक्षाचे ९४ आणि ई-रिक्षा मोजक्या, मग कोणाला द्यायची यावरून भांडण. हॉटेलवाल्यांना मिळाल्या असा आरोप झाला, कोर्टाला सांगावं लागलं की हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच द्या. "गाडी काय बाजारात मिळते हो," काका म्हणाले, "परवाना मिळत नाय."

मला वाटतं आख्ख्या ट्रिपमध्ये ऐकलेलं सगळ्यात कामाचं वाक्य हे.

बुधवार: माथेरान आणि घरी परत

रात्री थंडी चांगलीच होती, पहाटे पॅनोरमा पॉइंटला जायचा बेत बायकोने रजईतूनच रद्द केला. नाश्त्याला मिसळ, ठीकठाक. मग मी एकटाच शार्लट लेककडे चालत गेलो, माकडांनी चिक्कीची पिशवी पळवली, ते माथेरानचं प्रवेशशुल्क समजायचं.

रस्त्यावर एक घोडेवाला भेटला, त्याचं म्हणणं एकदम उलटं. ई-रिक्षा आल्या की घोड्याला कोण विचारणार, वर ते पेव्हर ब्लॉक टाकतात त्यावर घोड्याचा पाय घसरतो. ब्लॉकचा वाद पण कोर्टात गेला होता आणि कोर्टाने दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत मुख्य रस्त्याला चालेल, आतल्या रस्त्यांना नाही असं सांगितलं. पावसाळ्यात लाल माती वाहून जाते, ई-रिक्षाची चाकं रुततात, त्यामुळे ब्लॉक नाहीत तर रिक्षा नाही आणि ब्लॉक टाकले तर घोड्यांची पंचाईत. मुंबईत बसून ई-रिक्षा हा एकदम सोपा उपाय वाटतो, इथे प्रत्येक निर्णयाला कोणाचं तरी पोट जोडलेलंय. घोडेवाल्याची बाजू मला पूर्ण पटली नाही, पण त्याला उत्तरही सुचलं नाही.

येताना आईचा हट्ट म्हणून अमन लॉजपर्यंत मिनी ट्रेनच्या शटलने आलो. खिडकीत बसून ती लहान पोरीसारखी खूश. तिकिटाला आधीच जाऊन उभं रहा, गर्दीच्या दिवशी मिळत नाही.

घाट उतरताना बॅटरी चार टक्क्यांनी वाढली. आई म्हणे, "पेट्रोल भरत नव्हतास का मग उतारावर?" संध्याकाळपर्यंत ठाण्यात, गाडी घरच्या चार्जरला. हा घरचा चार्जर बसवायला सोसायटीशी जवळपास वर्षभर झगडलोय, कमिटीतल्या एका काकांचं म्हणणं होतं आग लागली तर बिल्डिंग जाईल, आणि तेच काका त्यांच्या नातवाच्या इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी काढून हॉलमध्ये टीव्हीशेजारी चार्ज करतात. सरकार कितीही पॉलिसी काढू दे, शेवटची सही सोसायटीच्या सेक्रेटरीची.

गुरुवार: ठाणे ते केवडिया, मधे सुरत

हा सगळ्यात लांब दिवस, साधारण चारशे किलोमीटर. घोडबंदरला ट्रॅफिक नको म्हणून पाचला निघालो तरी ट्रक होतेच.

आता टोलचं सांगतो कारण लोकांचा यात फार गोंधळ आहे. राज्याच्या मे २०२५ च्या ईव्ही धोरणात (ते मार्च २०३० पर्यंत आहे) इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी आहे ती मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, अटल सेतू आणि समृद्धीवर. अहमदाबाद हायवे केंद्राचा, तिथे या पॉलिसीचा काही संबंध नाही. खानिवडे आणि चारोटी दोन्ही नाक्यांवर आपल्याला पेट्रोल-डिझेलवाल्यांसारखंच. आम्ही तीन हजाराचा वार्षिक फास्टॅग पास काढलेला (१५ ऑगस्ट २०२५ पासून मिळतो, २०० फेऱ्या किंवा वर्ष), त्यामुळे खिशातून काही गेलं नाही, पण तो पास काय डिझेल एसयूव्हीवाल्याला पण तेवढ्यालाच. हिरवी नंबरप्लेट बघून काउंटरवरच्या पोराने "सर हे फ्री असतं ना?" असं मलाच विचारलं. मी म्हटलं तू सांग.

पहिला चार्जिंग स्टॉप वापीच्या पुढे एका हॉटेलात. अ‍ॅपवर दोन मशीन हिरवी दाखवत होती, प्रत्यक्षात एकाच्या स्क्रीनवर काळोख आणि दुसऱ्यावर एक टॅक्सी लावलेली, ड्रायव्हर मागच्या सीटवर झोपलेला. कुठली कंपनी ते जाऊ दे. त्याला उठवायला जीव होईना, पण बायकोला झाला. उठला, बिचाऱ्याने लगेच बाजूला घेतली, ८० टक्के झाली होती त्याची.

> टिप: हायवेवर चार्जर बघताना एकच मशीन असलेल्या ठिकाणी थांबायचं ठरवू नका, आणि तिथला फोन नंबर असेल तर वीस मिनिटं आधी फोन करून विचारा. ३० टक्क्यांच्या खाली जाऊ देऊन पुढचा चार्जर शोधायचा हा खेळ घरच्यांना घेऊन खेळू नये.

या थांब्यावर एक सुरतचा माणूस भेटला, इलेक्ट्रिक स्कूटरच्या डीलरकडे नोकरी केलेला, आता स्वतःची टायरची एजन्सी आहे. चहा घेता घेता त्याने २०२३ चं सांगितलं. इलेक्ट्रिक टूव्हीलरला केंद्राची फेम-२ योजनेतली सबसिडी २०२१ च्या जूनपासून बॅटरीच्या दर किलोवॅट-अवरला १५ हजार आणि गाडीच्या किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत होती. १ जून २०२३ पासून ती १० हजार आणि १५ टक्के झाली. "मे महिन्याच्या शेवटच्या दिवसात आमच्याकडे जेवायला वेळ नव्हता," तो म्हणाला, "आणि जूनमध्ये आम्ही शोरूममध्ये कॅरम खेळत होतो." देशभरात मे मध्ये लाखाच्या वर इलेक्ट्रिक टूव्हीलर रजिस्टर झाल्या आणि जूनमध्ये त्याच्या निम्म्याही नाहीत. नंतर हळूहळू सावरलं, मग ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत तर सबसिडी अजून बारीक झाली, पहिल्या वर्षी जास्तीत जास्त १० हजार आणि दुसऱ्या वर्षी ५. त्याचं मत होतं की हळूहळू कमी करतात हे बरोबर, पण दर वेळी आठवडाभर आधी कळतं आणि त्यात डीलर मरतो. तो बाहेर पडला तो त्यामुळेच की दुसरं काही, ते मी विचारलं नाही.

सुरतमध्ये शिरायचं का नाही यावर गाडीत मतदान झालं. पोंक सुरू झालाय असं कळलं होतं, म्हणजे आपला हुरडाच, कोवळ्या ज्वारीचा, पण हे लोक तो लिंबू-मिरीच्या शेवेबरोबर देतात आणि वर ताक. अडाजणच्या बाजूला स्टॉल्स लागतात तिथे उभ्याने खाल्ला. आई धुळ्याची, हुरड्याच्या बाबतीत तिचं मत म्हणजे कोर्टाचा निकाल. तिने दोन घास खाल्ले, डोळे मिटले, म्हणाली, "दाणा चांगला आहे. पण शेतात शेकोटीजवळ बसून खायची मजा नाही." पास केलं म्हणजे. लोचो (चणाडाळीचा वाफवलेला, मऊ पदार्थ) पण खाल्ला, तेल बघून घाबरू नका.

दुसरं चार्जिंग अंकलेश्वरजवळ, इथे मशीन सुरू, रिकामी, पंख्याखाली खुर्ची, स्वच्छ बाथरूम. दर युनिटला बाविसच्या आसपास, त्यावर १८ टक्के जीएसटी. गाडीवर ५ आणि गाडीच्या जेवणावर १८, हे गणित मला आजवर कोणी नीट समजावून सांगितलेलं नाही.

अंकलेश्वरवरून राजपीपळाचा रस्ता घेतला आणि हायवेचा सगळा गोंगाट एकदम मागे पडला. केळीच्या बागा, ऊस, आणि मग हळूहळू सातपुड्याच्या टेकड्या सुरू होतात. अंधार पडता पडता केवडिया, आता त्याला एकतानगर म्हणतात, आणि लांबूनच दिव्यात सरदार पटेलांचा पुतळा. हॉटेलमध्ये चार्जर नव्हता पण मॅनेजरने बागेतला पंधरा अ‍ॅम्पिअरचा पॉइंट दिला, रात्रभरात ३५ टक्के झाली, पैसे विचारले तर म्हणाला "चालो ने." (दिलेच आम्ही.)

शुक्रवार: केवडिया

सोमवारी स्टॅच्यू बंद असतो, हे आधी बघा. पुतळ्यातल्या वरच्या गॅलरीचं तिकीट वेळेच्या स्लॉटचं असतं, ते ऑनलाइन काढलं, विषय संपला.

बाहेरच्या गाड्या पार्किंगला लावायच्या आणि पुढे बस नाहीतर ई-रिक्षा. आणि तिथे त्या गुलाबी रिक्षा. एकीत बसलो, चालवणारी पंचविशीतली मुलगी, जवळच्याच गावातली, आदिवासी. गाडी अशी चालवत होती की ठाण्याच्या रिक्षावाल्यांनी शिकवणी लावावी, वळणाआधी हात दाखवत, हळू. मी माझ्या तोडक्या हिंदीत सुरुवात केली पण आईने मला बाजूलाच सारलं आणि अहिराणीत शिरली, "तुनं गाव कोठलं शे, माय?" आणि ती मुलगी हसून तिच्या बोलीत उत्तरं देऊ लागली, निम्मं गुजराती, निम्मं काय माहीत, पण दोघींचं व्यवस्थित चाललं. मला मधे मधे आई भाषांतर देत होती, उपकार केल्यासारखं.

तर मुलीचं असं की लायसन्स इथेच ट्रेनिंग घेऊन काढलं. आधी शेतमजुरी, तीही वर्षातले काही महिने. रिक्षा तिची नाही, एजन्सीची, रोजचं भाडं भरायचं आणि वरचं तिचं. चार्जिंग, दुरुस्ती त्यांच्याकडे. सीझनला, दिवाळीत, चांगले सुटतात. पावसाळ्यात भाडं भरून हातात फार राहत नाही. आईने विचारलं रिक्षा तुझ्या नावावर कधी होणार, तर तिने मान हलवली आणि "देखेंगे" म्हणाली.

मला इथे माथेरानचे काका आठवत राहिले. कोर्टाला जे मॉडेल आवडलं त्याचा फायदा दिसतो. सगळं एकाच प्राधिकरणाच्या हातात, रस्ता त्यांचा, पार्किंग त्यांचं, बस त्यांची, रिक्षा कोणी चालवायची ते त्यांनी ठरवलं आणि बायकांना दिली, त्यामुळे परवान्यावरून मारामारी नाही आणि ओढाताण न होता पटकन सुरू झालं. माथेरानला नगरपरिषद, वनखातं, देखरेख समिती, हॉटेलवाले, घोडेवाले आणि शेवटी कोर्ट, यात वर्षं गेली. पण उद्या एजन्सी बदलली की या मुलीची रिक्षा जाणार, आणि माथेरानच्या काकांना परवान्यासाठी निदान भांडता तरी येतं. मला विचाराल तर रिक्षा भाड्याने द्या, पण पाच वर्षांनी चालवणाऱ्याच्या नावावर करा, एवढं एक कलम घातलं तर केवडियाचं मॉडेल माथेरानला खुशाल आणा. नाहीतर ओढायचं बंद होईल आणि मालक दुसराच राहील.

आणि सगळं केवडिया इलेक्ट्रिक झालंय असं समजून जाऊ नका. आमच्या समोरून डिझेलच्या जीपा, सरकारी गाड्या, मोटरसायकली आरामात जात होत्या. घोषणेला तेव्हा साडेचार वर्षं झाली होती. पर्यटकांच्या रस्त्यावर ई-बस आणि गुलाबी रिक्षा, आणि दोन किलोमीटर आत गेलं की नेहमीचा भारत. त्याच रस्त्याला लागून अशी गावं आहेत ज्यांच्या जमिनी शेजारच्या सरदार सरोवर धरणाच्या वसाहतीसाठी साठच्या दशकात गेल्या आणि त्याचं भांडण अजून मिटलेलं नाही. धरणाच्या पाण्याखाली आपल्याकडची, नंदुरबार जिल्ह्यातली मणिबेली आणि अक्कलकुवा-अक्राणीची इतर गावं पण गेलीत. स्वच्छ गाडीत बसून फिरताना हे विसरायला फार सोपं जातं.

पुतळा मात्र प्रचंड आहे, १८२ मीटर, फोटोत कळतच नाही. आई गॅलरीत गेली नाही, खाली पायांपाशी खुर्ची टाकून बसली, कारण शिल्पकार राम सुतार धुळ्याजवळच्या गोंदूरचे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या तीन-चार कुटुंबांना तिने ते सांगितलं, जणू काही तिच्या शेजारच्याच गल्लीतले. डिसेंबरातच पुढे ते गेल्याची बातमी आली, वय शंभर. आईला मीच सांगितलं, ती म्हणाली "बरं झालं बघून आलो."

दुपारी मक्याचा रोटला, उडदाची डाळ, लसणाची चटणी खाल्ली, स्थानिक बायकांनीच चालवलेलं छोटं हॉटेल. ट्रिपमधलं सगळ्यात चांगलं जेवण. मोठ्या फूड कोर्टात जाऊ नका, तिथे तोच छोले-भटुरा जो तुम्ही ठाण्यातल्या मॉलमध्ये खाता.

> टिप: गुडघ्याचा त्रास असलेली माणसं बरोबर असतील तर एकाच ई-रिक्षावाल्या ताईंशी अर्ध्या दिवसाचं बोलून ठेवा. बसेस आहेत पण चढ-उतार होतो आणि थांब्यापासून चालावं लागतं.

शनिवार: परतीचा रस्ता

भरूचची खारी शेंग घ्यायला हायवेवर थोडं मागे जावं लागलं, पण तेवढं करायचंच असतं. दोन किलो घेतली, ठाण्यापर्यंत दीड राहिली.

अंकलेश्वरच्या त्याच चार्जरवर या वेळी रांग, आमच्या पुढे दोन गाड्या, दोन्ही नव्या कोऱ्या, गुजरात पासिंग. एक काका सांगत होते की गुजरातची आधीची दीड लाखापर्यंतची सबसिडी होती तेव्हा विचार करत बसले आणि राहिलं, मग २०२५ च्या बजेटमध्ये इलेक्ट्रिकवरचा वाहन टॅक्स ६ चा १ टक्का केला, तोही ३१ मार्च २०२६ पर्यंतच, म्हणून दिवाळीला उचलूनच टाकली. "वहेला ते पहेला," म्हणाले, म्हणजे लवकर येईल तो पहिला. त्यांना मी महाराष्ट्रातली टोलमाफी सांगितली तर त्यांना फारसं कौतुक नाही, गुजरातमध्ये राज्याच्या टोलरोडवर खाजगी गाड्यांना २०१६ पासूनच माफी आहे, पेट्रोल असो की काही असो. म्हणजे आपल्याकडे जी सवलत गाडी विकायला वापरतात ती तिकडे सगळ्यांनाच आहे, मग त्यांना इलेक्ट्रिकसाठी दुसरं काहीतरी द्यावं लागलं.

त्यांचा जावई ठाण्यातच राहतो, सोसायटी चार्जर लावू देत नाही म्हणून गाडी घेत नाहीये. माझा नंबर घेतला त्यांनी. जावयाला आमच्या सेक्रेटरींनी दिलेल्या एनओसीची कॉपी पाठवलीये, तुमच्यापैकी कोणाला हवी असेल तर सांगा, मसुदा तयार आहे, फक्त अग्निशमन यंत्राची अट आपल्या बिल्डिंगप्रमाणे बदलून घ्या.